डोंगराआडची रेंज आणि नेटवर्कचे प्रमाणपत्र

मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव १५३० साली नागेश देसाई यांनी बांधला. भोवती डोंगर आणि दाट झाडी. अशा गावात एका पावलावर मोबाइलची रेंज मिळते, पुढच्या पावलावर जाते. असे का होते? नेटवर्कच्या अभ्यासाची सुरुवात या प्रश्नापासून करता येईल.

‘बारावीनंतर नेटवर्किंगचे प्रमाणपत्र मिळवू का?’ असे विद्यार्थी विचारतात. सिस्को कंपनीची सीसीएनए ही अशीच एक परीक्षा. तिला पदवीची अट नाही. पेपर १२० मिनिटांचा असतो. त्यात संगणकांच्या जाळ्यांबरोबर बिनतारी जाळ्यांची मूलतत्त्वेही येतात. प्रमाणपत्र मात्र तीनच वर्षे वैध असते, नंतर नूतनीकरण करावे लागते. पाठ केलेल्या उत्तरांवर पास झालेल्याची तिथे अडचण होते. म्हणून पाया शाळेतच घालायला हवा.

पाया म्हणजे काय? पुष्कळ मोबाइलमध्ये सिमच्या माहितीत ‘-८० डीबीएम’ असा आकडा दिसतो. एक मिलिवॉटच्या तुलनेत मिळणारी शक्ती किती, हे तो सांगतो. दर १० डीबीला शक्ती दहापट बदलते. म्हणजे -८० वरून -११० वर आल्यास शक्ती तीसपट नव्हे, हजारपट घटली! लॉगॅरिदमचा याहून जवळचा दाखला कोणता?

आता लहरींकडे वळू. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, तर ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची जेमतेम ९. लांब लहरी डोंगराच्या कडेवरून अधिक वळतात, आखूड लहरी कमी. यालाच विवर्तन म्हणतात. ओली पाने लहरी शोषतात. तलावाचे शांत पाणी त्या आरशासारखे परावर्तित करते. थेट आलेली आणि परावर्तित लहर एकत्र आल्या की कुठे त्यांची बेरीज होते, कुठे वजाबाकी. पावलागणिक रेंज बदलते ती यामुळे.

मुलांकडून एक प्रयोग करून घ्या. एकच मोबाइल घेऊन शाळेभोवती वीस ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी तीनदा, हा आकडा नोंदवा. सरासरी काढून गावाच्या नकाशावर मांडा. चढ, झाडी, पाणी आणि आकडे यांचा संबंध मुलांनाच शोधू द्या.

२०२० च्या टाळेबंदीत याच जिल्ह्यातल्या दारिस्ते गावची एक विद्यार्थिनी रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून शिकत होती. तिला डोंगरावर का जावे लागले, याचे उत्तर आपल्या मुलांना या नकाशावरून सांगता येईल. आणि टॉवर कुठे उभारला तर तिला घरीच रेंज मिळाली असती, हा त्यापुढचा प्रश्न त्यांना अवश्य घाला. प्रमाणपत्र मिळवलेल्या तंत्रज्ञालाही प्रत्यक्ष कामावर हाच प्रश्न सोडवावा लागतो.