पाकीट खरे की खोटे? शाई देईल साक्ष!

सेलू (जि. वर्धा), प्रतिनिधी : मृगाचा पाऊस पडला, की तालुक्यातील कृषी सेवा केंद्रांपुढे कपाशीच्या बियाण्यासाठी गर्दी होते. ४७५ ग्रॅमचे पाकीट, त्यावर परिचित नाव आणि चकचकीत छपाई. शेतकरी विश्वास टाकतो तो एवढ्यावरच. जून २०२३ मध्ये वर्धा शहरालगत म्हसाळा परिसरात पोलिसांनी छापा घातला, तेव्हा अशाच पाकिटांत बनावट कापूस बियाणे भरले जात असल्याचे उघडकीस आले. सरकी उगवली नाही, हे आठवडाभरात कळते. पण ती बोंडअळीपुढे टिकणार नाही, हे कळेपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो. म्हणूनच खऱ्या-खोट्याची पारख दुकानातच व्हायला हवी.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ‘साथी’ ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. पाकिटावरील क्यूआर कोडवरून बियाण्याचा प्रवास शोधता यावा, हा तिचा हेतू. मात्र कोड म्हणजे अखेर काळे-पांढरे चौकोन. एका अस्सल पाकिटावरील कोड हजार पाकिटांवर छापता येतो. येथेच प्रकाशमान शाईचा विचार पुढे येतो.

नोटेपासून धडा

चलनी नोटेवरील क्रमांक अतिनील दिव्याखाली चमकतात, हे बँकेच्या रोखपालास ठाऊक असते. परंतु केवळ चमकणे पुरेसे नाही. कपडे धुण्याच्या पावडरीतील शुभ्रकारक द्रव्येही याच दिव्याखाली निळसर उजळतात. त्यामुळे एकाच दिव्याला उत्तर देणाऱ्या शाईची नक्कल तुलनेने सोपी ठरते.

यावर उपाय म्हणजे एकाहून अधिक दिव्यांना वेगवेगळे उत्तर देणारी शाई. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने अशी द्विरंगी शाई तयार केली. ती अतिनील प्रकाशाच्या २५४ नॅनोमीटर लांबीच्या लहरींत लाल, तर ३६५ नॅनोमीटरला हिरवी दिसते. मोहालीच्या नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेने २०२४ मध्ये आणखी पुढची पायरी गाठली. तेथील शाई ३६५ नॅनोमीटरला निळी, ३९५ ला किरमिजी आणि ९८० नॅनोमीटरच्या अदृश्य अवरक्त प्रकाशात नारिंगी-लाल उजळते.

आठ आण्यांचा रुपया

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या शाईत स्ट्रॉन्शियम बिस्मथ फ्लोराइडचे अतिसूक्ष्म कण असून, त्यांत इटर्बियम, अर्बियम यांसारखी दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये अल्प प्रमाणात मिसळतात. अवरक्त प्रकाशाच्या एका कणात दृश्य प्रकाश निर्माण करण्याइतकी ऊर्जा नसते. इटर्बियम असे कण टिपून त्यांची ऊर्जा शेजारच्या अर्बियमला देते. दोन आठ आण्यांचा रुपया व्हावा, तशी ती साठते आणि डोळ्यांना दिसणाऱ्या रंगात बाहेर पडते. छायाप्रत यंत्र केवळ दिसणारा रंग टिपते. कणांची घडण आणि मिश्रणाचे प्रमाण त्याला टिपता येत नाही. हे कण १२० अंश सेल्सिअस तापमानात तयार होतात व बाजारातील शाईत मिसळून पडदा-छपाईने उमटवता येतात. नोटा, प्रमाणपत्रे, औषधे यांसाठी सुचविलेले हे तत्त्व बियाण्याच्या लेबलासही लावता येईल.

शाईच्या मर्यादा

शाई पाकिटाची साक्ष देते, आतील सरकीची नव्हे. रिकामे अस्सल पाकीट पुन्हा भरले, तर ती फसेल. म्हणून ती फोडताना तुटणाऱ्या मोहोरेवरच असावी. दिवा केवळ निरीक्षकाकडे असून भागणार नाही. तो विक्रेत्याच्या गल्ल्यावर, शेतकऱ्यादेखत लागला पाहिजे. आणि तणनाशक-सहनशील ‘चोर बीटी’ मान्यता नसताना, बिलाविना, जाणूनबुजून घेतली जाते, तेथे कोणतीही शाई निरुपयोगी आहे.

तोवर जुनाच उपाय खरा. पक्के बिल घ्यावे, पाकीट खालून फोडून लेबल शाबूत ठेवावे आणि मूठभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपावे. तक्रार करण्याची वेळ आलीच, तर शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारा पुरावा तोच असतो.