जवळचे पिस्तूल व आत्मसंरक्षणाचा बचाव

पिस्तूल जवळ बाळगण्याचा अधिकार आणि ते चालविण्याचे समर्थन, हे दोन भिन्न प्रश्न होत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात पहिल्याचा निर्णय दिला. दुसऱ्यासाठी मात्र १९२१ च्या ब्राऊन खटल्याकडेच वळावे लागते.

टेक्सासमध्ये एका टपाल कचेरीच्या खोदकामावर ब्राऊन देखरेख करीत असे. हर्मिस नामक इसमाने पूर्वी दोनदा त्याच्यावर सुरीने हल्ला केला होता. म्हणून ब्राऊनने त्या दिवशी कोटातून पिस्तूल आणले होते. माती नेण्यावरून वाद होऊन हर्मिस सुरीसह चालून आला. ब्राऊन २०-२५ फूट मागे हटून कोटापाशी पोहोचला आणि चार गोळ्या झाडून त्याने त्यास ठार केले. शेवटची गोळी हर्मिस खाली पडल्यावर सुटली, असाही पुरावा होता.

शिक्षा रद्द करताना न्यायमूर्ती होम्स यांनी माघार न घेणे ही विचारात घेण्याजोगी अनेक बाबींपैकी केवळ एक बाब मानली. उगारलेल्या सुरीपुढे शांत चिंतनाची अपेक्षा कशी धरावी? लढ्याच्या आवेगात लागोपाठ सुटलेली शेवटची गोळी मागाहून अनावश्यक वाटली, तरी तेवढ्याने बचाव नष्ट होत नाही. पिस्तूल मुद्दाम आणले होते, हेही त्याच्या आड आले नाही. हा भाग विशेष लक्षणीय वाटतो.

तथापि हा निर्णय संघीय खटल्यांपुरता. राज्यांचे कायदे वेगळे. न्यूयॉर्कमध्ये पूर्ण सुरक्षितपणे निसटता येत असेल, तर घराबाहेर सामान्यतः प्राणघातक बळ वापरता येत नाही. फ्लॉरिडाने २००५ मध्ये हे बंधन काढून टाकले.