पाळी गेली, ऐकूही कमी येतंय? इस्ट्रोजेनचा काय संबंध?

सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवतात, घरातले वैतागतात आणि विषय ‘वय झालं’ या दोन शब्दांवर संपतो. पन्नाशीच्या बाईने मात्र दोनदा ‘काय म्हणालीस?’ असं विचारलं, की लगेच ‘लक्षच नसतं हिचं!’ पाळी जाताना काय काय होतं याच्या याद्या आता सगळ्यांना पाठ आहेत. अंगातून गरम वाफा येणं, झोप उडणं, चिडचिड, गुडघेदुखी. त्या यादीत कानाचं नाव सहसा नसतं.

तरुण वयात बायकांना, विशेषतः वरच्या पट्टीतले आवाज, पुरुषांपेक्षा चांगले ऐकू येतात. रजोनिवृत्तीनंतर हा फरक कमी होत जातो. टर्नर सिंड्रोम घेऊन जन्मलेल्या मुलींमध्ये एक एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा काही अंशी नसतं, त्यामुळे त्यांच्या अंडाशयात इस्ट्रोजेन पुरेसं तयार होत नाही. त्यांच्यापैकी अनेकींना कमी वयातच ऐकायला त्रास होऊ लागतो. म्हणूनच संशोधकांना प्रश्न पडला, की इस्ट्रोजेन कानाची राखण करतं का?

आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो, कॉक्लिया. त्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींचं रूपांतर मेंदूला कळेल अशा संदेशात त्याच करतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. या भागात इस्ट्रोजेन ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, सापडले आहेत. हार्मोन ही किल्ली धरली तर रिसेप्टर हे कुलूप. कुलपं मुख्यतः दोन प्रकारची, अल्फा आणि बीटा.

२००८ मध्ये स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या उंदरांमध्ये बीटा रिसेप्टर नव्हता, त्यांच्या कानांना मोठ्या आवाजाने जास्त इजा झाली. ज्यांच्या शरीरात इस्ट्रोजेन बनतच नव्हतं, त्यांचंही तसंच. मग फक्त बीटाचं कुलूप उघडणारं, इस्ट्रोजेनसारखं वागणारं एक रसायन दिलं, तेव्हा सामान्य उंदरांचे आणि इस्ट्रोजेन नसलेल्या उंदरांचेही कान बऱ्यापैकी वाचले.

मला यातला ‘फक्त बीटा’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्तन आणि गर्भाशयातल्या पेशींची वाढ मुख्यतः अल्फामुळे होते आणि कॅन्सरची भीती तिथूनच येते. अल्फाला हात न लावता कान सांभाळणारं औषध निघालं, तर ते पुरुषांनाही देता येईल. नेहमीचं इस्ट्रोजेन त्यांना कानासाठी देणं शक्य नाही, कारण त्याने छाती वाढण्यासारखे परिणाम होतात. पण असं औषध अजून दुकानात मिळत नाही. उंदीर ते माणूस हा रस्ता लांब आहे.

मग डॉक्टर रजोनिवृत्तीत ज्या हार्मोनच्या गोळ्या देतात, त्या कानासाठी घ्याव्यात का? नाही. इथे चित्र उलटंच दिसतं. २००६ मध्ये अमेरिकेत ६० ते ८६ वयाच्या १२४ स्त्रियांची तपासणी झाली. इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टिन घेणाऱ्यांना इतरांपेक्षा कमी ऐकू येत होतं. २०१७ मध्ये तिथल्याच सुमारे ८१ हजार परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत तोंडाने हार्मोन घेणाऱ्यांमध्ये ऐकू कमी येण्याची शक्यता जास्त आढळली, आणि ज्यांची पाळी उशिरा गेली त्यांच्यातही! हे गोळ्यांमुळेच झालं असं अशा पाहणीवरून ठामपणे म्हणता येत नाही. पण गोळ्यांनी कान वाचतात असंही त्यातून निघत नाही. गरम वाफांसाठी डॉक्टरांनी हार्मोन दिले असतील, तर हे वाचून ते मनाने बंद करू नका. पुढच्या भेटीत कानाचा विषय काढा.

सोयाबीनचं काय? त्यातल्या आयसोफ्लेवोनचा ओढा बीटा रिसेप्टरकडे असतो हे खरं. त्याने बायकांचं ऐकणं टिकतं हे मात्र सिद्ध झालेलं नाही. सोयाबीनची भाजी खुशाल करा, पण ‘नैसर्गिक इस्ट्रोजेन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महाग डब्यांपासून लांब राहा. ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेला आहे, त्यांनी तर असं काही स्वतःहून घेऊच नये.

आपल्या हातात आहे तो आवाज. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तासांपर्यंत चालतो असं कामाच्या ठिकाणांसाठी मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! लग्नाच्या डीजेसमोर आपण त्याहून किती जास्त वेळ नाचतो, ते आठवून पाहा. (माझ्या वयाच्या मैत्रिणी तर इअरबड घालूनच झोपतात.)

चाळिशीनंतर आईला किंवा स्वतःला गर्दीत बोलणं कळेनासं झालं, ‘स’ आणि ‘श’ निसटू लागले, कानात सतत शिट्टी वाजू लागली, तर ऑडिओमेट्री करून घ्या. ती अजिबात दुखत नाही, हेडफोन लावून आवाज ऐकला की बटण दाबायचं. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, मैसूरुतली अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि बऱ्याच सरकारी रुग्णालयांत ती होते. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर तेल घालून वाट बघत बसू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. अशा वेळी उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकं ऐकू परत येण्याची शक्यता जास्त असते.