विश्लेषण : साल्हेरचे फोटो विमानतळावर का खराब होऊ शकतात?

युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २०२५ मध्ये साल्हेरचा समावेश झाला. नामपूर, ताहाराबादमार्गे बागलाणातले किल्ले पाहायला येणाऱ्यांत रोलचा कॅमेरा घेऊन येणारे हौशीही असतात. १५६७ मीटर उंचीवर जाऊन काढलेले फोटो परतीच्या विमानप्रवासात मात्र बिघडू शकतात.

नेमके काय होते?

फिल्मवरचे चांदीच्या क्षारांचे कण प्रकाशाप्रमाणेच क्ष-किरणांनाही प्रतिसाद देतात. रोल धुतल्यावर चित्रावर धुकट थर, जाड दाणे, कधी पट्टेही दिसतात. हे नंतर दुरुस्त होत नाही. धुऊन झालेल्या निगेटिव्ह आणि मेमरी कार्ड यांना मात्र धोका नाही.

बॅग कोणती?

चेक-इन बॅगेत रोल ठेवूच नये. तिथली यंत्रे जास्त तीव्रतेची असतात. हातातल्या बॅगेच्या जुन्या एक्स-रे यंत्रातून १०० किंवा २०० आयएसओचा रोल एकदा गेला, तर सहसा फरक दिसत नाही. पण प्रत्येक फेरीचा परिणाम साचत जातो. ८०० आणि त्यापुढचे रोल अधिक नाजूक. लग्नात हौसेने वापरल्या जाणाऱ्या इन्स्टॅक्सची फिल्म ८०० आयएसओचीच असते, हे अनेकांच्या गावीही नसते.

मग नवे काय?

सीटी स्कॅनर. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखे हे यंत्र बॅगेची सगळ्या बाजूंनी प्रतिमा घेते. त्यातून रोल एकदाही जाऊ देऊ नये, असे कोडकचे सांगणे आहे. लॅपटॉप बॅगेतच राहू द्या, असे तपासणीच्या रांगेत सांगितले, तर समोर बहुधा सीटी यंत्र आहे असे समजावे.

उपाय काय?

रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवावेत आणि बॅग पट्ट्यावर ठेवण्याआधीच हाताने तपासण्याची विनंती करावी. अमेरिकेत अशी विनंती करता येते. आपल्याकडे निर्णय सुरक्षा कर्मचाऱ्याचा; म्हणून वेळ हाताशी ठेवून जावे आणि हुज्जत घालू नये. कॅमेऱ्यात अर्धवट रोल असेल तर तो आधीच संपवून काढलेला बरा. शिशाच्या पिशवीवर फार भिस्त नको. आत काय आहे ते दिसले नाही, की तपासणी वाढते.

त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग म्हणजे परदेशी परतण्याआधी मुंबईत रोल धुऊन घेणे. कुरिअरने पाठवण्यात तेवढी खात्री नाही, कारण हवाईमार्गे जाणारे पार्सलही क्ष-किरणांखालून जाऊ शकते.