वेब अॅप्लिकेशन झटपट शिका, पण पाया पक्का करून

चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगत पेरुंगुडी वसले आहे. जवळच पळ्ळीकरणैची विस्तीर्ण पाणथळ जमीन आणि रस्त्याच्या कडेने काचेच्या उंच इमारती. २०११ साली चेन्नई महापालिकेत सामील झालेले हे उपनगर आज संगणक व्यवसायासाठी ओळखले जाते. अशा ठिकाणी नोकरी मिळावी, असे स्वप्न महाराष्ट्रातील कितीतरी घरांतही पाहिले जाते. आणि याच स्वप्नावर बोट ठेवून जाहिराती येतात, 'अवघ्या तीन महिन्यांत वेब अॅप्लिकेशन बनवायला शिका!' मुले फीसाठी हट्ट धरतात, तर आईवडिलांना प्रश्न पडतो, इतक्या लवकर हे खरोखर शिकता येते का?

उत्तर 'हो'ही आहे आणि 'नाही'ही. ते कसे, हे समजून घेण्यासाठी पेरुंगुडीचेच उदाहरण पाहू या.

एका तक्रारीतून कंपनी

गिरीश मातृभूतम यांचा टीव्ही अमेरिकेहून भारतात आणताना फुटला. भरपाईसाठी त्यांनी कंपनीकडे बरेच खेटे घातले, पण दाद लागली नाही. शेवटी त्यांनी आपली कैफियत इंटरनेटवर सर्वांसमोर मांडली, तेव्हा मात्र चक्रे हलली. ग्राहकांच्या तक्रारी नीट हाताळणारे सॉफ्टवेअर किती गरजेचे आहे, हे त्यांच्या मनात पक्के झाले. २०१० मध्ये त्यांनी शान कृष्णसामी यांच्यासह चेन्नईत 'फ्रेशडेस्क' सुरू केले. २०११ मध्ये त्यांना पहिला ग्राहक मिळाला, तो थेट ऑस्ट्रेलियातील एका शिक्षणसंस्थेच्या रूपाने. पुढे वाढलेल्या कंपनीने पेरुंगुडीतील ग्लोबल इन्फोसिटी संकुलात बस्तान बसवले. २०१७ मध्ये तिचे नाव 'फ्रेशवर्क्स' झाले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तिचे शेअर अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात दाखल झाले.

मोजक्या माणसांच्या चमूला इतक्या लवकर बाजारात उतरता आले, त्याला अनेक कारणे आहेत. त्यांतले एक म्हणजे त्यांनी निवडलेले साधन. फ्रेशडेस्क 'रूबी ऑन रेल्स' या फ्रेमवर्कवर उभारले होते.

फ्रेमवर्क म्हणजे काय?

दिवाळीत भाजणी घरात तयार असली, की चकल्या तासाभरात होतात. धान्ये धुणे, वाळवणे, भाजणे, दळणे हे सारे आधीच झालेले असते. फ्रेमवर्क ही प्रोग्रामरची भाजणी होय. प्रत्येक वेब अॅप्लिकेशनला काही गोष्टी लागतातच. माहिती तक्त्यांत साठवणे, ती पडद्यावर दाखवणे, कोणत्या पत्त्यावर कोणते पान उघडायचे ते ठरवणे. फ्रेमवर्कमध्ये या कामांची तजवीज आधीच करून ठेवलेली असते.

रूबी ही भाषा जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी तयार केली आणि १९९५ मध्ये ती लोकांसमोर आली. तिच्यावर आधारलेले रेल्स डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये सर्वांना मोफत खुले केले. पंधरा मिनिटांत छोटेसे अॅप्लिकेशन उभे करून दाखवणारे त्यांचे प्रात्यक्षिक जगभर गाजले. यामागचे सूत्र साधे आहे. प्रत्येक गोष्ट प्रोग्रामरने लिहून सांगण्याऐवजी नावांचे ठरावीक संकेत पाळायचे, बाकीचे फ्रेमवर्क ओळखून घेते. एकच गोष्ट दोनदा लिहायची नाही, हे दुसरे सूत्र. पायथॉन भाषेतले 'जँगो' आणि पीएचपीमधले 'लाराव्हेल' हीसुद्धा अशीच लोकप्रिय फ्रेमवर्क. त्यांपैकी जँगोचा जन्म तर अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत, बातम्यांच्या घाईगर्दीत झाला.

मोहन चुकले तर?

भाजणी तयार असली, तरी मोहन किती घालायचे हे कळायला हवेच. नाहीतर चकली तुटते किंवा मऊ पडते. फ्रेमवर्कचेही तसेच आहे.

मार्च २०१२ मधली एक घटना बोलकी आहे. जगभरचे प्रोग्रामर आपले काम जिथे ठेवतात, ते 'गिटहब' रेल्सवरच बांधलेले आहे. फॉर्ममधून आलेली सगळी माहिती एका फटक्यात तक्त्यात भरण्याची सोय रेल्समध्ये होती. ती इतकी सोयीची होती, की फॉर्ममध्ये नसलेला रकानाही कोणी गुपचूप पाठवू शकेल, याकडे अनेकांचे दुर्लक्ष झाले. एका रशियन तरुणाने हीच फट वापरून, जिथे त्याला परवानगी नव्हती अशा रेल्सच्याच साठ्यात प्रवेश मिळवून दाखवला. गिटहबने ती फट लगेच बुजवली. २०१३ मध्ये आलेल्या रेल्सच्या चौथ्या आवृत्तीत, कोणते रकाने स्वीकारायचे ते प्रोग्रामरने स्पष्ट सांगणे आवश्यक झाले.

म्हणजेच तयार सोयीमागे काय चालते, हे ज्याला ठाऊक नाही, तो चूक होईपर्यंत निर्धास्त असतो. आता तर सांगितल्याबरोबर कृत्रिम बुद्धिमत्ताही प्रोग्राम लिहून देते. अशा वेळी लिहिलेले बरोबर की चूक, हे ओळखणाऱ्याचीच खरी किंमत आहे.

शिकायचे कोणत्या क्रमाने?

आधी एचटीएमएल आणि सीएसएस, म्हणजे पान कसे दिसते ते. मग पायथॉनसारखी एक भाषा. त्यानंतर माहितीचे तक्ते आणि त्यांना प्रश्न विचारण्याची एसक्यूएल. एवढे झाल्यावरच फ्रेमवर्कला हात घालावा. हा पाया तयार असला, तर फ्रेमवर्कवर छोटे अॅप्लिकेशन काही आठवड्यांत जमू शकते. जाहिरातीतले 'झटपट' खरे ठरते ते इथे, त्याआधी नाही.

यासाठी दर वेळी मोठी फी मोजावी लागते असेही नाही. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात अनेक विषयांचे धडे मोफत मिळतात, त्यांतले कितीतरी मराठीतही आहेत. पेरुंगुडीपासून काही किलोमीटरवर असलेल्या मद्रास आयआयटीने २०२० मध्ये ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्याला वयाची अट नाही. चार आठवड्यांचा पात्रता टप्पा पार केला, की बारावी झालेल्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला तो करता येतो. 'मॉडर्न अॅप्लिकेशन डेव्हलपमेंट' हा विषय त्यात पदविका स्तरावर येतो, आधी पायथॉन आणि इतर पायाभूत विषय पूर्ण करावे लागतात. क्रम तिथेही चुकत नाही. संसारामुळे शिक्षण वा नोकरी सोडावी लागलेल्या गृहिणींनीही या वाटेचा विचार करायला हरकत नाही.

फी भरण्यापूर्वी

खासगी वर्गात प्रवेश घ्यायचा असेल, तर चार प्रश्न जरूर विचारा. फ्रेमवर्कआधी भाषा आणि तक्ते शिकवतात का? सुरक्षिततेवर स्वतंत्र तास आहेत का? प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे अॅप्लिकेशन करावे लागते, की सर्वांचे एकच? नोकरीची हमी देत असतील, तर ती लेखी देतात का?

आणि घरातल्या मुलाने वा मुलीने शिकायला सुरुवात केली, की एखादे खरे काम सोपवा. सोसायटीच्या देखभाल खर्चाचा हिशेब, बचत गटाचे हप्ते किंवा गल्लीतल्या वाचनालयाची पुस्तके. ते काम स्वतःच्या हाताने पूर्ण झाले आणि त्यातली प्रत्येक ओळ काय करते हे आईबाबांना सोप्या शब्दांत सांगता आले, तर समजावे की फी वाया गेली नाही.