पाळक आणि चाकर

पावसाळा सरला की घाटमाथ्यावरचे धनगर कळप घेऊन कोकणात उतरतात. भात कापलेल्या खाचरांतून रात्री मेंढरे बसविली जातात. शेताला खत मिळते, धनगराला धान्य किंवा पैसा. कोकणातली ओल मेंढरांना सोसत नाही, म्हणून पावसाआधी कळप पुन्हा घाट चढतात. वरंधा आणि आंबेनळी हे घाट ज्यांच्या नित्य नजरेत आहेत, त्या महाड-पोलादपूरच्या वाचकाला मेंढपाळाचे जिणे किती खडतर असते हे सांगावयास नको. उघड्यावरची रात्र आणि श्वापदाची धास्ती ह्यांतच त्याचा व्यवसाय सामावलेला आहे.

ख्रिस्ती धर्माने नेतृत्वाची कल्पना ह्याच व्यवसायातून उचलली. मराठी ख्रिस्ती मंडळीत धर्मोपदेशकाला ‘पाळक’ म्हणतात. ‘पास्टर’ ह्या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही मेंढपाळ हाच. योहानाच्या शुभवर्तमानात येशूने मेंढपाळ आणि मोलकरी ह्यांतला भेद सांगितला आहे. लांडगा दिसताच मोलकरी पळतो, कारण मेंढरांची त्याला पर्वा नसते. मेंढपाळ मात्र जिवावर उदार होऊन उभा राहतो. येथे दोष दिला आहे तो बेफिकिरीला. मजुरी घेण्यात काही वावगे आहे असे नव्हे. पगारी शिक्षकाने आणि कारकुनाने हा भेद नीट ध्यानात घ्यावा.

महाराष्ट्रात ह्या कसोटीला उतरलेली दोन नावे सहज आठवतात. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य हिंदुस्थानात स्वतः जाऊन शेकडो निराधार मुलींना आणले आणि केडगावच्या ‘मुक्ती’त आसरा दिला. पुण्यात प्लेग पसरला तेव्हा आपल्या मुलींपैकी एकीवर प्लेगच्या इस्पितळात गुदरलेल्या प्रसंगाविषयी १८९७ साली त्यांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले. सरकारने आरोप नाकारले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे असताना एका अनाथ मुलीसाठी त्यांच्याशी उभा दावा मांडणे हे मोलकऱ्याचे काम नव्हे.

दुसरे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. कोकणातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेल्या ह्या कवीने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये पुष्कळ वर्षे सेवा केली. पण १९१७ साली मिशनचे वेतन सोडून घाटापलीकडे साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना तेथे एकत्र येता यावे, ही त्यांची धडपड होती. १९१९ साली मृत्यूने ती अर्ध्यावर थांबवली; तथापि हाक आली की सुरक्षित जागा सोडावी लागते, हा तिचा अर्थ उरला.

ह्या रूपकावर एक रास्त आक्षेप आहे. मराठीत कोणाला मेंढरू म्हणणे हा सन्मान नव्हे. पुढारी मेंढपाळ झाला तर अनुयायांनी मान खाली घालूनच चालावयाचे काय? ह्याचे एक उत्तर महाडनेच दिले आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसे चवदार तळ्याकडे चालत गेली. नेता पुढे होता, परंतु ओंजळ प्रत्येकाने आपल्याच हाताने भरली. आंबेडकर ख्रिस्ती नव्हते आणि त्यांचा लढा हक्काचा होता. तरीही लोकांना पाण्यापर्यंत नेऊन त्यांच्या पायांवर उभे करणे, ह्याहून नेतृत्वाची थोर व्याख्या कोणती? रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेल्या मराठी बायबलाच्या छपाईचे काम ‘मुक्ती’तल्याच स्त्रियांनी केले. आसऱ्यास आलेल्या स्त्रिया तेथे कर्त्या झाल्या. जो पाळक आपल्या माणसांना कायमची परावलंबी ठेवतो, त्याने ते नाव लावू नये.

संकट पूर्वसूचना देऊन येत नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे ह्या गावांवर दरडी कोसळल्या, तेव्हा ह्या मुलुखाने ते अनुभवले. अशा वेळी पद आणि हुद्दा कामास येत नाही. माणसांची नावे ठाऊक असलेला आणि कोण कमी आहे हे मोजणारा माणूस लागतो. शंभरातले एक हरवले तर त्याच्या शोधात निघणारा मेंढपाळ ही कथा देवळापुरती नाही. वर्गातून गळालेला एक मुलगा, खिडकीवरून चारदा परत गेलेली एक म्हातारी, ही आपापल्या कळपातली हरवलेली मेंढरेच होत. त्यांना शोधावयास निघणाऱ्याचा धर्म कोणताही असो. पाळक हे नाव त्यालाच शोभेल.