कोंकणच्या हवेंत मनगटी घड्याळ

मुंज, लग्न, पहिला पगार, सेवानिवृत्ति, यांपैकीं कोणताहि प्रसंग आला कीं घरांतील पुरुषास मनगटी घड्याळ द्यावें, ही चाल आपल्याकडे दोनतीन पिढ्या चालत आली आहे. घड्याळ बहुधा पुण्यामुंबईच्या दुकानांत कांचेखालीं पाहून घेतलें जातें. तें वापरणारे गृहस्थ मात्र पावसला, गणेशगुळ्याला किंवा पूर्णगडच्या खाडीकांठीं राहत असतात. पहिला पावसाळा संपतां संपतां कांचेच्या आंत धुकें दिसूं लागतें, पट्ट्यावर बुरशी येते आणि हजारों रुपयांची ती भेट फडताळांत जाऊन पडते. देणाऱ्यास वाईट वाटूं नये म्हणून घेणारा गप्प राहतो, आणि पुढल्या प्रसंगीं तसलेंच दुसरें घड्याळ येतें!

या नाशाचा दोष उष्णतेला दिला जातो, तो उगीच. पावसचा उन्हाळा नागपूरइतका कडक नसतो. एके काळीं घड्याळें उन्हाळ्यांत मागें पडत, हें खरें. पोलादी केशस्प्रिंग तापली कीं तिचा ताठपणा कमी होई. परंतु शार्ल गियोम या स्विस शास्त्रज्ञानें निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवर संशोधन करून हा दोष दूर करण्याचा मार्ग दाखविला. याच मिश्रधातूंबद्दल त्यास १९२० सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आजच्या क्वार्ट्झ घड्याळांतील स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. २५ अंशांच्या सुमारास तो ठीक चालतो असें धरलें, तर ३५ अंशांस तो दिवसाकाठीं सेकंदाचा सुमारें तिसरा हिस्सा मागें पडतो, म्हणजे महिन्याला दहा सेकंद. एवढ्यानें कोणाची एस्. टी. चुकत नाहीं.

खरा शत्रु ओलावा, आणि त्याच्या जोडीला समुद्राचें मीठ व अंगाचा घाम. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाकाठीं सरासरीनें तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. घड्याळाच्या पाठच्या झांकणाखालीं एक बारीक रबरी कडें असतें. पाण्याला अडविणारें खरें तें. कांहीं वर्षांत तें कडक होतें, चपटें होतें. त्यांतच आषाढांतल्या एखाद्या कुंद दिवशीं कोणी झांकण उघडून सेल बदलतो आणि जुनेंच कडें बसवून पुन्हां झांकण दाबतो. दमट हवा आंत कोंडली जाते. बाहेर पावसाचें गार पाणी कांचेवर पडलें, कीं आंतली वाफ कांचेला दंव होऊन चिकटते. असें घड्याळ उन्हांत ठेवल्यास धुकें दिसेनासें होतें खरें, पण पाणी आंतच राहतें आणि पोलादी चाकें गंजूं लागतात. तांदळांत पुरूनहि फारसा उपयोग नाहीं. त्याच दिवशीं कारागिराकडे नेऊन उघडून वाळविणें, हाच उपाय.

'जलरोधक' हा शब्द पाहून पुष्कळजण फसतात. पाठीवर ३० मीटर लिहिलेलें घड्याळ घालून ३० मीटर खोल जावें, असा त्याचा अर्थ नव्हे. तो आंकडा स्थिर पाण्याच्या दाबाचा आहे. व्यवहारांत त्यानें हात धुतांना उडालेलें पाणी सोसावें, एवढीच अपेक्षा धरावी. विहिरीवर आंघोळ करणाऱ्यानें किंवा भर पावसांत बागेंत हिंडणाऱ्यानें १०० मीटरांहून कमी घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. चावी आट्यांची, म्हणजे फिरवून घट्ट बसविण्याची असल्यास उत्तमच. रोलेक्सनें असें बंदिस्त घड्याळ १९२६ सालीं काढलें आणि पुढच्याच वर्षीं मर्सिडीझ ग्लाइट्झ हिनें इंग्लिश खाडी पोहण्याच्या प्रयत्नांत तें बरोबर नेलें. पण कितीहि महाग घड्याळ असो, चावी बाहेर ओढलेली राहिली तर पावसाला दार उघडेंच आहे.

कवच कशाचें, हा पुढचा प्रश्न. पितळेवर क्रोमियमचा मुलामा दिलेलें कवच घामानें झिजतें. पाठीच्या कडेशीं आणि पट्ट्याच्या टोकांशीं हिरवट डाग पडूं लागले कीं समजावें. ३१६ एल् जातीच्या पोलादांत मॉलिब्डेनम असतें, त्यामुळें खाऱ्या हवेंत तें अधिक टिकतें. मनगटाला खाज सुटून चट्टे उठत असतील तर तें बहुधा निकेलमुळें. अशा गृहस्थांस टायटॅनियम मानवतें.

चामड्याचा पट्टा दिसतो भारदस्त, पण कोंकणांत तो पावसाळ्यापुरता काढून ठेवावा. घाम मुरून त्याला वास येतो आणि शिवण कुजते. पूजेला बसतांना तो सोडावा लागतो तें निराळेंच. पोलादी सांखळी किंवा रबरी पट्टा बरा. मात्र दुपारीं मनगट किंचित् सुजतें, तेव्हां करंगळी शिरेल इतका सैल असावा. नायलॉनचा पट्टा लवकर वाळतो, पण मीठ धरून ठेवतो, म्हणून तो आठवड्याला धुवावा.

यंत्राविषयीं आमची पसंति साधी आहे: उजेडावर चालणारें क्वार्ट्झ घड्याळ. त्याच्या आंतील संचायक वर्षानुवर्षें बदलावा लागत नाहीं, म्हणून झांकण उघडण्याचे प्रसंगच कमी येतात. दमट मुलुखांत हा गुण सर्वांत मोठा. स्वयंचलित यांत्रिक घड्याळ फार देखणें, पण निवृत्त होऊन ओटीवर बसणाऱ्या गृहस्थाच्या हातावर त्याला पुरेशी हालचाल मिळत नाहीं, आणि चारपांच वर्षांनीं तेलपाणी करावेंच लागतें.

वडिलांच्या एच्. एम्. टी. ची आठवण बहुतेक घरांत असेल. बंगळूरच्या कारखान्यांत १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें हीं घड्याळें होऊं लागलीं, आणि २०१६ सालीं सरकारनें तो उद्योग बंद करण्याचें ठरविलें. आतां बाजारांत 'नव्यासारखीं' म्हणून जीं विकलीं जातात, त्यांपैकीं कित्येकांच्या तबकड्या पुन्हां रंगविलेल्या असतात. हौसेनें घ्यावींत, पण पावसाळ्यांत घालूं नयेत.

त्याहून जुनें, आजोबांचें घड्याळ पेटींत असेल तर मात्र सावध असावें. १९६० पूर्वीच्या कित्येक घड्याळांचे आंकडे व कांटे अंधारांत चमकावे म्हणून त्यांवर रेडियम लावीत. आज तें चमकत नाहीं, म्हणून निर्धोक झालें असें मानूं नये. विझला आहे तो त्यांतला चमकणारा पदार्थ. रेडियम अर्धें होण्यास सुमारें १,६०० वर्षें लागतात. त्याची भुकटी श्वासावाटे किंवा बोटांवरून पोटांत जाणें वाईट. असलें घड्याळ घरीं उघडूं नये, मुलांच्या हातीं खेळायला देऊं नये. उघडायचेंच झालें तर रेडियमची माहिती असलेल्या कारागिरास आधीं तसें सांगून द्यावें.